७० सीटचं विमान, ७४ तिकिटं: ओव्हरबुकिंगचं गणित एक्सेलमध्ये कसं बसवायचं

विमान कंपनी सीटपेक्षा जास्त तिकिटं विकते हे कळलं की आपल्याकडे पहिली रिॲक्शन ठरलेली, "हा तर सरळ फ्रॉड झाला भो". फ्रॉड नाहीये. जगभर चालतं, आपल्याकडे डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) त्यावर लेखी नियम आहे, आणि त्यामागचं गणित बीएस्सी स्टॅटला किंवा इंजिनीअरिंगच्या एम-थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) जेवढं प्रोबॅबिलिटी शिकवतात तेवढ्यात बसतं. जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना प्रोजेक्टसाठी विषय हवा असतो आणि शेवटी सगळे तेच ते घरांच्या किमतीचं प्रेडिक्शन करतात, त्यापेक्षा हे करून बघा. लागेल काय तर एक लॅपटॉप, एक्सेल नाहीतर गुगल शीट, आणि एक निवांत दुपार.

आधी प्रॉब्लेम नीट समजून घ्या. जळगावहून उडणारी विमानं बहुतेक एटीआर ७२ जातीची, धरून चाला ७० सीटा. सत्तरच्या सत्तर तिकिटं विकली गेली, सिस्टीमवर फुल दाखवतंय, नंतर चौकशी करणाऱ्याला "नाही" सांगितलं, आणि प्रत्यक्षात विमान सुटलं तेव्हा पाच-सहा सीटा रिकाम्या. कोणाची मीटिंग पुढे गेली, कोणी दोन तिकिटं काढून ठेवली होती, कोणाची गाडी धुळ्याहून येताना पारोळ्याजवळ अडकली. यालाच नो-शो म्हणतात. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, उद्या ती विकता येत नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या लोकांनी १९९२ साली त्यांच्या सिस्टीमवर एक पेपर लिहिला होता, त्यात त्यांचा अंदाज होता की सीटांएवढीच बुकिंग घेतली तर फुल झालेल्या फ्लाइटमध्येही साधारण १५ टक्के सीटा रिकाम्या उडतील. १५ टक्के म्हणजे आपल्या एटीआरमध्ये दहा सीटा.

भुसावळकरांना वाटेल रेल्वे पण हेच करते की. थोडंफार. पण रेल्वेकडे आरएसी आहे, साइड लोअरवर दोघांना बसवून दिलं की काम भागतं, आणि वेटिंगवाल्याला आधीच माहीत असतं की आपलं कन्फर्म नाही. विमानात तसं नाही. प्रत्येकाकडे कन्फर्म तिकीट आणि अर्ध्या सीटवर कोणाला बसवता येत नाही. म्हणून इथे आकडा चुकला की डायरेक्ट काउंटरवर भांडण.

आता कामाला लागू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, खाली सगळे आकडे मी मानलेले आहेत, इथली कोणती कंपनी किती जास्त विकते असा काही दावा नाही.

पायरी १: हजेरीचं प्रमाण काढा

शंभर जणांनी तिकीट काढलं तर किती जण खरंच बोर्डिंगला येतात, हा तुमच्या मॉडेलचा अर्धा जीव आहे. आपण ०.९२ धरू, म्हणजे शंभरातले ९२ येतात, ८ येत नाहीत. कंपनीकडे प्रत्येक फ्लाइट सुटल्यानंतरचा रेकॉर्ड असतो, बुकिंग किती होती आणि चढले किती. तुमच्याकडे तो नसणार, तेव्हा प्रॅक्टिससाठी ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून पुण्याच्या रात्रीच्या स्लीपरचे जुने चार्ट मागून घ्या, बुकिंग एका कॉलममध्ये, चढलेले दुसऱ्यात. (नावं-नंबर कॉपी करू नका, फक्त आकडे.)

इथे नवीन माणूस हमखास सगळ्याचा एकच ॲव्हरेज काढतो आणि मोकळा होतो. तसं करू नका. सकाळी सहाची फ्लाइट आणि दुपारची फ्लाइट वेगळी, स्वस्तातलं रिफंड न मिळणारं तिकीट काढणारा आणि कंपनीच्या खर्चाने फ्लेक्सी तिकीट काढणारा वेगळा, दिवाळीत किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येणारा माणूस काहीही झालं तरी येणारच आणि जूनमधल्या मंगळवारचा बिझनेसवाला ऐनवेळी बदलणार. निदान सीझन, वार आणि तिकिटाचा प्रकार एवढे तीन गट तरी करा.

आणि किती डेटा पुरतो? समजा तुमच्याकडे २०० बुकिंगचा रेकॉर्ड आहे आणि त्यातले १८४ आले, म्हणजे ०.९२. पण यात चूक किती असू शकते ते काढा: ०.९२ गुणिले ०.०८ भागिले २००, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. येतं ०.०३८. म्हणजे खरा आकडा ०.८८ ते ०.९६ मध्ये कुठेही असू शकतो. २,००० बुकिंग असतील तर हीच चूक ०.०१२ वर येते. हे आत्ता बारीकसारीक वाटेल, पण याची किंमत किती ते पुढे दाखवतो, तिथे डोळे उघडतात.

पायरी २: बायनॉमियल टेबल बनवा

प्रत्येक प्रवासी दुसऱ्याशी संबंध न ठेवता आपापला येतो किंवा येत नाही असं मानलं (हे खोटं आहे, पण सुरुवातीला चालतं) तर येणाऱ्यांची संख्या बायनॉमियल वाटपाने चालते. एक्सेलमध्ये बायनॉम डॉट डिस्ट नावाचं फंक्शन आहे, त्याला चार गोष्टी द्यायच्या: किती जण, एकूण बुकिंग, प्रमाण, आणि शेवटी ट्रू म्हणजे तिथपर्यंतची बेरीज.

नो-शोच्या बाजूने विचार केला की सोपं जातं. ७४ तिकिटं विकलीत, सीटा ७०, तर निदान चौघांनी दांडी मारायला हवी. दांडीवाले तीन किंवा कमी निघाले की कोणीतरी खाली राहणार, म्हणजे तिकीट असून विमानात जागा नाही. म्हणजे फंक्शनला द्यायचं: ३, ७४, ०.०८, ट्रू. उत्तर ०.१४७. शंभर फ्लाइटमागे साधारण पंधरा फ्लाइटला निदान एक माणूस खाली.

पण नुसती शक्यता पुरत नाही, सरासरी किती माणसं खाली राहतात तेही पाहिजे, कारण पैसे माणशी द्यावे लागतात. त्यासाठी ७४ ला शून्य दांडी असेल तर चार जण खाली, एक दांडी तर तीन, दोन तर दोन, तीन तर एक, असं प्रत्येकाला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज मारायची (इथे शेवटी ट्रू ऐवजी फॉल्स द्या, म्हणजे त्या एकाच आकड्याची शक्यता मिळते). माझं टेबल असं आलं:

७१ तिकिटं: कोणी खाली राहण्याची शक्यता ०.३ टक्के, सरासरी खाली ०.००३
७२ तिकिटं: १.८ टक्के, सरासरी ०.०२०
७३ तिकिटं: ६.२ टक्के, सरासरी ०.०८१
७४ तिकिटं: १४.७ टक्के, सरासरी ०.२२३
७५ तिकिटं: २७.४ टक्के, सरासरी ०.४८५
७६ तिकिटं: ४२.६ टक्के, सरासरी ०.८८९

तुमचं टेबल याच्याशी जुळतंय का बघा, नसेल जुळत तर बहुतेक ०.०८ च्या जागी ०.९२ टाकलं असेल. टेबलाकडे नीट बघितलं तर कळेल, पहिली दोन जास्तीची तिकिटं जवळपास फुकटात पडतात, आणि मग एकदम चढण लागते. काही कंपन्या इथेच थांबतात, नियम लावतात की खाली राहण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या वर नको, मग उत्तर ७२. सोपं आहे, पण ५ च का, ३ का नाही, ८ का नाही, याला उत्तर नसतं. म्हणून पुढची पायरी.

पायरी ३: एक माणूस खाली ठेवायला किती पडतं

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठेवली आणि "येतो ना भो, नाव लिहून ठेव" म्हणणारे सगळे येत नाहीत हे माहीत असलं तरी आपण वांगी थोडी जास्तच भाजतो, कारण उरलेलं भरीत सकाळी खाता येतं पण पंगतीत पाहुण्याला कमी पडलं तर वर्षभर बोलणी. दोन्ही बाजूच्या नुकसानीची किंमत सारखी नसते, आणि उत्तर त्या किमतींवर ठरतं. विमानाचं तेच आहे, फक्त रुपयात लिहायचं.

रिकाम्या सीटचं नुकसान सोपं, तिकिटाचं भाडं. ३,००० रुपये धरा, आणि न आलेल्याला परतावा नाही असं धरा (खऱ्यात काही टॅक्स परत द्यावे लागतात, तो फरक नंतर टाका).

खाली ठेवलेल्या माणसाची किंमत काढायला डीजीसीएचा नियम माहीत पाहिजे. आधी काउंटरवर विचारायचं, कोणी स्वतःहून थांबायला तयार आहे का, त्याबदल्यात काहीतरी देऊ. कोणी तयार नाही झालं आणि कन्फर्म तिकीटवाल्याला, वेळेत आलेल्याला, जबरदस्तीने खाली ठेवलं, तर असं आहे: मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या फ्लाइटमध्ये बसवलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतली फ्लाइट दिली तर एका बाजूच्या बेसिक भाड्याच्या आणि फ्युअल चार्जच्या २०० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये. २४ तासांच्या पुढे गेलं तर ४०० टक्के, जास्तीत जास्त २०,०००. आणि प्रवासी म्हणाला मला तुमची दुसरी फ्लाइट नकोच, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर ४०० टक्के, तीच २०,००० ची मर्यादा. प्रवासी म्हणूनही हे पाठ असू द्या, काउंटरवर उपयोगी पडतं.

आता मांडा. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे त्याच रूटवर संध्याकाळी दुसरी फ्लाइट आहे: भरपाई ६,०००, दुसऱ्या फ्लाइटची सीट ३,०००, जेवण-टॅक्सी २,०००, आणि माणूस नाराज होऊन पुढच्या वेळी दुसऱ्याकडे गेला याचे ४,०००. एकूण १५,०००. हा शेवटचा नाराजीचा आकडा कोणाकडेच पक्का नसतो, तरी शून्य मात्र लिहू नका, शून्य हे सगळ्यात चुकीचं उत्तर आहे.

आणि जळगावसारखं ठिकाण, जिथे त्या रूटवर आठवड्यातून मोजक्याच फ्लाइट आहेत? आज राहिलेला माणूस परवा जाणार, म्हणजे २४ तास उलटले. भरपाई १२,०००, सीट ३,०००, हॉटेल-जेवण ४,०००, नाराजी ६,०००. एकूण २५,०००.

पायरी ४: कुठे थांबायचं ते ठरवा

आता फक्त एक प्रश्न विचारत जायचा: अजून एक तिकीट विकलं तर ३,००० येतात, पण त्या एका तिकिटामुळे सरासरी खाली राहणारे किती वाढले? ती वाढ गुणिले १५,००० हे ३,००० पेक्षा कमी आहे तोवर विकत जा. म्हणजे वाढ ०.२० च्या खाली पाहिजे.

७३ वरून ७४ ला जाताना वाढ ०.१४२, चालेल. ७४ वरून ७५ ला ०.२६२, नाही चालणार. उत्तर ७४. पैशात बघायचं तर ७४ ला चार तिकिटांचे १२,००० आले, त्यातून ०.२२३ गुणिले १५,००० म्हणजे साधारण ३,३५० गेले, हातात ८,६५०. ७३ ला हातात ७,७९० राहतात, ७५ ला ७,७२०. म्हणजे ७४ च्या आजूबाजूला एकाने चुकलात तरी फार बिघडत नाही, पण ७६ ला एकदम ४,६६० वर येता.

आता किंमत २५,००० टाका. मर्यादा ०.१२ झाली, ७४ ची वाढ त्यात बसत नाही, उत्तर ७३. तेच विमान, तेच प्रवासी, तेच प्रमाण, फक्त पुढची फ्लाइट लांब म्हणून एक तिकीट कमी. मोठ्या एअरपोर्टवर बसलेल्या माणसाने सगळ्या रूटला एकच टक्केवारी ठोकली तर छोट्या गावच्या प्रवाशावर अन्याय होतो तो असा, आणि कंपनीचंही नुकसान होतं, दोन्ही.

हा एकेका तिकिटाचा हिशोब नवीन नाहीये बरं. मार्टिन बेकमनने १९५८ साली एकोनोमेट्रिका जर्नलमध्ये एअरलाइन बुकिंगवर अशा पद्धतीचा पेपर लिहिला होता, तेव्हा बुकिंग कार्डांवर चालायचं.

पायरी ५: आता आपलंच मॉडेल मोडायचा प्रयत्न करा

बहुतेक जण चौथ्या पायरीला खूश होऊन रिपोर्ट लिहायला घेतात, आणि व्हायव्हाला इथेच सापडतात.

पहिली तोडफोड: प्रमाण चुकलं तर? मघाशी बघितलं की २०० बुकिंगवरून ०.९२ काढलं तर खरा आकडा ०.९६ सुद्धा असू शकतो. तुम्ही ०.९२ समजून ७४ विकली, आणि खरं ०.९६ निघालं. शीटमध्ये नुसतं ०.०८ च्या जागी ०.०४ टाका. कोणीतरी खाली राहण्याची शक्यता १४.७ वरून ६५.६ टक्के, सरासरी १.३३ माणसं खाली, खर्च जवळपास २०,०००. आले १२,०००, म्हणजे ८,६५० चा फायदा होणार होता तिथे सुमारे ८,००० चा लॉस, दर फ्लाइटला. सूत्र तेच, एक्सेल तेच. म्हणून म्हणतो, वेळ घालवायचा असेल तर मशीन लर्निंगची फॅन्सी लायब्ररी शोधण्यात नको, पहिल्या पायरीच्या डेटावर घालवा. डेटा कमी असेल तर मुद्दाम थोडं वरचं प्रमाण धरा, ०.९२ च्या जागी ०.९४, कारण खरं प्रमाण धरलेल्यापेक्षा वर निघालं तर ती चूक जास्त महाग पडते.

दुसरी तोडफोड: माणसं एकेकटी येत नाहीत. नवरा-बायको बरोबर, गोव्याला निघालेला मित्रांचा ग्रुप बरोबर, नंदुरबारहून एकाच गाडीत निघालेलं कुटुंब बरोबर. गाडी अडकली तर सगळेच गेले आणि पोहोचली तर सगळेच हजर. समजा ७४ चे ७४ जण जोडीनेच आहेत, म्हणजे ३७ जोड्या, आणि प्रत्येक जोडी ०.९२ शक्यतेने येते. सगळ्या जोड्या आल्या तर चार जण खाली, याची शक्यता ०.०४६. एकच जोडी गळाली तर दोन जण खाली, शक्यता ०.१४७. दोन गळाल्या की सुटलो. सरासरी खाली ०.४७७, म्हणजे आधीच्या ०.२२३ च्या दुपटीपेक्षा जास्त, आणि फायदा ८,६५० वरून ४,८४० वर. सरासरी येणारे तेवढेच आहेत हे लक्षात घ्या, ६८ च्या आसपास, फक्त चढउतार वाढला. खऱ्या फ्लाइटमध्ये काही एकटे, काही जोड्या, एखादा बारा जणांचा ग्रुप असतो, त्यासाठी सूत्र शोधत बसू नका, सिम्युलेशन करा: प्रत्येक पीएनआरला एक ओळ, रँड फंक्शनचा (० ते १ मधला कुठलाही आकडा देणारं) आकडा ०.९२ च्या खाली आला तर अख्खा पीएनआर आला, बेरीज ७० च्या वर गेली की किती खाली ते लिहा, आणि हे हजार-दोन हजार वेळा. पायथॉन येत असेल तर नमपायमध्ये दहा ओळींचं काम.

तिसरी, पटकन सांगतो: वरचं सगळं विमान सुटायच्या दिवसाचं आहे. महिनाभर आधीच्या बुकिंगमध्ये नो-शो सोडून कॅन्सलेशनही असतं, त्यामुळे तेव्हा तिकिटांची मर्यादा जास्त ठेवता येते आणि दिवस जवळ येईल तशी ती खाली आणायची. ३० दिवस, १५ दिवस, ७ दिवस, १ दिवस, अशा चार टप्प्यांना वेगवेगळं प्रमाण काढलंत तरी प्रोजेक्टला पुरे.

पायरी ६: काउंटरवर काय होतं ते मॉडेलमध्ये आणा

हा भाग पुस्तकातून शिकणारे सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीर हाच आहे. १९६० च्या दशकापर्यंत कोणाला खाली ठेवायचं हे काउंटरवरचा माणूस ठरवायचा, जो शेवटी आला किंवा जो कमी ओरडेल तो. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सुचवलं की लिलाव करा, प्रवाशांनाच विचारा कोण किती पैशात थांबायला तयार आहे, सगळ्यात कमी मागणाऱ्याला थांबवा. कंपन्यांनी हसण्यावारी नेलं. मधल्या काळात ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांना १९७२ साली एका फ्लाइटमधून असंच खाली ठेवलं, ते कोर्टात गेले, केस १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचली. १९७८ मध्ये तिथे आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे हा नियम आला. आपल्या डीजीसीएच्या नियमातलं "आधी विचारा" हे त्याच वाटेचं.

मॉडेलवर याचा परिणाम थेट होतो. खाली राहणारा माणूस नाइलाजाने राहिला तर १५,०००. पण पुण्याला निघालेला एखादा हॉस्टेलचा पोरगा म्हणाला, मला उद्या गेलं तरी चालतं, ५,००० चं व्हाउचर द्या आणि उद्याची सीट द्या, तर ५,००० अधिक सीटचे ३,०००, झालं ८,००० मध्ये, आणि नाराजी शून्य, उलट तो चार मित्रांना सांगेल. आता ३,००० भागिले ८,०००, मर्यादा ०.३७५ झाली. ७५ व्या तिकिटाची वाढ ०.२६२, बसते. ७६ व्याची ०.४०४, नाही बसत. उत्तर ७४ वरून ७५ वर गेलं.

पण दर वेळी असा पोरगा सापडेलच असं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी माहेरी निघालेल्या बाईला व्हाउचर दाखवून बघा काय ऐकून घ्यावं लागतं ते. तेव्हा शीटमध्ये अजून एक कॉलम टाका, शंभरात किती वेळा स्वतःहून थांबणारा मिळतो. ६० धरलं तर खाली ठेवायची किंमत ०.६ गुणिले ८,००० अधिक ०.४ गुणिले १५,०००, म्हणजे १०,८००. मर्यादा ०.२७८, ७५ अजूनही बसतं पण काठावर. ५० टाकलं तर ११,५०० आणि ०.२६१, ७५ गेलं, परत ७४. सणासुदीच्या फ्लाइटला हा कॉलम वेगळा भरा, आणि दर फ्लाइटनंतर काउंटरवाल्याकडून दोनच गोष्टी लिहून घ्यायची सोय ठेवा: किती जणांना विचारलं, आणि किती जण किती रुपयात तयार झाले.